सुपाचा तिसरा कौल

सूप फिरलं, आणि चौकातल्या बायांनी पदर तोंडाला लावले. पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. समाजमंदिराच्या गच्चीवर चढून शिट्ट्या मारणारी पोरंसुद्धा गप्प झाली.

सूप साधंच, बांबूचं, धान पाखडायचं. त्याच्या काठात शिंप्याच्या कात्रीची दोन टोकं रुतवलेली, आणि कात्रीच्या दोन कड्या दोन माणसांच्या एकेका बोटावर टेकवलेल्या. एक खुशाल, दुसरा शालीकराम. शेताच्या धुऱ्या-बांधावरून भांडण झालं तर या दोघांचा शब्द गाव मानायचं. केवळराम महाराज मोहल्ल्यातल्या अकरा बायांची नावं एकेक करून घेत गेले. दहा नावांना सूप झोपल्या वटवाघळासारखं लटकून राहिलं. धुरपताबाईचं नाव येताच ते गरकन वळलं.

"देखो, भक्तहो," महाराज म्हणाले, "हे सूप नाई, हा ऊपरवाले का एक्स-रे आहे. म्या हात बी नाई लावला. दोन सच्चे मानसं धरून उभे हायेत. डायरेक्ट कनेक्शन, बीच में कोई एजंट नाही."

या महाराजांनी म्हणे कचारगडच्या गुहेत बारा वर्षं तप केलं होतं. दोन वर्षांमागच्या दिवाळीपर्यंत हेच गृहस्थ गोंदियाच्या बस स्टँडपुढं मोबाइलची कव्हरं विकताना साऱ्यांनी पाहिले होते. पण भक्तीच्या भरात वजाबाकी कोण करतो?

नवेगाव बांधच्या तळ्यापासून दोन कोसांवरच्या या गावात महिन्याभरात चार गाई मेल्या होत्या. ढोरांच्या डॉक्टरांनी घटसर्प सांगितला, लस टोचून घ्या म्हणाले. लसीला कोणी गेलं नाही; सुपाला सारे आले. त्यात मोहल्ल्यातल्या रेणूच्या तान्ह्या पोराचा ताप उतरेना. मग गावानं ठरवलं की कोणी बाई करणी करते, आणि ती कोण ते महाराजांचं सूप सांगेल. तीन कौल घ्यायचे. तिन्ही एकाच नावावर आले, तर त्या बाईनं दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं. आजचा हा दुसरा कौल होता, आणि दोन्ही धुरपताबाईवर आले होते.

धुरपताबाई म्हणजे रोवण्याच्या, धानाच्या लावणीच्या दिवसांतला या गावाचा गळा. तिनं गाण्याची ओळ टाकली की वीस बायांचे हात एका तालात चिखलात उतरायचे, आणि धानाच्या बांधीतलं पाणीसुद्धा जणू कान देऊन थबकायचं. मोहल्ल्यातली अर्धी लेकरं तिच्या हातावर या जगात आलेली. नवरा गेला, मूल नव्हतं, बोलणं तिखट. तिचं नाव कुजबुजायला गावाला एवढं पुरलं. महाराजांनीही पहिल्या कौलाआधी चहाच्या टपरीवर बसून दोन कप चहा आणि तीच कुजबुज पोटात घातली होती.

गर्दीत दुर्गेश्वरी उभी होती. खुशालची मुलगी, गोंदियाच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय मानसशास्त्र. सुट्टीला म्हणून ती घरी आली होती. आधी तिला वाटलं, कुठंतरी चुंबक असेल, बारीक तार असेल. घरी येऊन तिनं सूप उलटंपालटं करून पाहिलं. ते त्यांच्याच घरचं होतं. कात्री गावातल्याच शिंप्याची. ना तार, ना चुंबक. मग उरला बाप.

"बाबा, तुमी तं नाई फिरवलं?"

खुशालनं पुढचं ताट बाजूला सारलं. "म्या फिरवीन? जिनं तुले पयल्यांदा हातावर घेतलं, तिच्यावर?"

"मंग फिरलं काऊन?"

"तेच तं म्हनून राहिलो. म्या नाई फिरवलं, शालीकराम लबाड नाई. मंग देवानंच फिरवलं ना."

बापाचा चेहरा खरा होता, आणि तशाच खऱ्या चेहऱ्यानं तीही एकदा बोलली होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मॅडमनं तिच्या हातात दोऱ्याला बांधलेली अंगठी दिली आणि ती डावी-उजवीकडं डुलते आहे असा नुसता विचार करायला सांगितलं. अंगठी डुलू लागली. मॅडम, मी हलवत नाही, असं ती रडवेली होऊन सांगत राहिली. मॅडमनं तिचे डोळे ओढणीनं बांधले, आणि थोड्या वेळानं अंगठी थांबली.

आता हे बापाला सांगावं, तर तो बोट जपून धरणार आणि प्रयोग वाया जाणार. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला हेतू आधी कळू द्यायचा नाही, हे तिनं परीक्षेत एका ओळीत लिहून मार्क मिळवले होते. स्वतःच्या बापासमोर ती ओळ गिळताना तिला अन्न गोड लागलं नाही.

शुक्रवारी भरदुपारी तिसरा कौल; सूप पुन्हा खुशाल आणि शालीकरामच्या बोटांवर. धुरपताबाई गाठोडं बांधूनच एका कडेला बसलेली. तिच्या शेजारची हातभर जागा कोणी घेत नव्हतं.

महाराजांनी सुरुवात केली. सुपाला काळजाच्या आतलं दिसतं, सात पडद्यांमागचं दिसतं, सॅटेलाइटला दिसत नाही ते दिसतं. ते दम घ्यायला थांबले, तेवढ्यात दुर्गेश्वरी हात जोडून पुढं झाली.

"महाराज, आज मी अकरा नावांच्या चिठ्ठ्या करून आनल्या हायेत. सात पडद्यामागचं दिसते, तं घडी केलेला कागद बी दिसंल ना?"

आपल्याच बोलण्यात महाराजांचा पाय अडकला होता. "करो बेटी, करो," ते म्हणाले.

तिनं पाण्याच्या रिकाम्या गडव्यातल्या चिठ्ठ्या हलवल्या आणि न उघडता एकेक सुपापुढं धरली. कोणत्या चिठ्ठीत कोण, हे तिलाही ठाऊक नव्हतं. एक झाली, पाच झाल्या, अकरा झाल्या. सूप जागचं हललं नाही. गर्दीत चुळबुळ सुरू झाली.

महाराजांनी उपरण्यानं मान पुसली. बंद कागदात नेटवर्क मिळत नाही, नाव तोंडानं घ्यावं लागतं, असं ते म्हणाले. ऊपरवाल्याचं नेटवर्क कागदानं अडतं हे ऐकून मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं.

"बरं, तोंडानं घेते," दुर्गेश्वरी म्हणाली. ती चिठ्ठ्या उघडून वाचू लागली. रुख्मा. सुशिलाबाई. आचल. चौथी चिठ्ठी उघडून तिनं आवाज जरासा लांबवला, "धुरपताबाई."

सूप गरकन वळलं. बाया मागं सरकल्या. महाराजांनी दोन्ही हात वर केले.

दुर्गेश्वरीनं ती चिठ्ठी शालीकरामच्या मोकळ्या हातात दिली. "काका, मोठ्यानं वाचा."

शालीकरामनं कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "केवळराम महाराज," तो म्हणाला.

धुरपताबाईच्या नावाची चिठ्ठी गडव्यात नव्हतीच. तिच्या जागी दुर्गेश्वरीनं महाराजांचं नाव टाकलं होतं. म्हणजे एकतर करणी महाराजच करत होते, नाहीतर सुपाला कागद दिसत नव्हता, फक्त धरणाऱ्यांचे कान ऐकत होते. दोन्हींतलं काय ते महाराजांनी सांगावं, असं ती म्हणाली. महाराजांना आमगावचा कार्यक्रम आठवला. जाता जाता ते देवाच्या कोपाबद्दल पुटपुटले, पण पायांची घाई काही लपली नाही.

मग तिनं बापाकडं पाहून सांगितलं. मनाला जे होणार असं वाटतं, ते बोटापर्यंत पोचतं. बोट केसाएवढं झुकतं, माणसाला पत्ताही लागत नाही, आणि कात्रीच्या टोकाशी तेवढ्याचा मोठा हेलकावा होतो. "हे लबाडी नोहे, बाबा. माह्यं बोट बी हललं होतं." रेणूला तिनं पोर घेऊन आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायला सांगितलं.

खुशालनं एकदा आपल्या बोटाकडं पाहिलं. मग तो सारी गर्दी ओलांडून धुरपताबाईपुढं जाऊन उभा झाला.

"सूप म्याच फिरवलं, बाई. मले समजलं नाई, पन फिरवलं म्याच."

"तुले समजलं नाई," धुरपताबाई म्हणाली. "आन् आज मी गाव सोडून गेली असती, तं ते बी तुले समजलं नसतं, खुशाल."



केवळराम दुसऱ्या गावात दुसरी कात्री शोधेल. त्याला लबाडीसुद्धा स्वतः करावी लागत नाही. ती त्याला आपलीच प्रामाणिक माणसं फुकट करून देतात. म्हणून उद्या कोणी सूप, नारळ की अंगठी हातात दिली, तर आधी धरणाऱ्याचे डोळे बांधा, नावं बंद कागदात ठेवा, आणि मग पाहा काय फिरतं ते. गाय मेली तर ढोरांच्या डॉक्टरांना विचारा. आणि एकट्या बाईचं नाव ओठांवर आलं, तर ते तिथं कोणी आणून ठेवलं, हे आधी स्वतःला विचारा.