टरफलातली रोपं

आई गेल्यावर धाकटीनं दागिने मागितले आणि थोरलीनं टोमॅटोच्या बियांची पुडी. तेव्हा धाकटी पोट धरून हसली होती. पण आईच्या त्या टोमॅटोंची चव बाजारात कुठेच मिळेना, आणि जो चाखेल तो थोरलीचं कौतुक करी. मग धाकटीचं हसू आटलं.

गेल्या वर्षी झाडांवर रोग पडला, एक फळ हाती लागलं नाही. पुडी झटकून निघाल्या त्या शेवटच्या बिया थोरलीनं यंदा अंड्यांच्या टरफलांत पेरल्या. कपडे शिवणारी बाई ती, तिचं सगळंच बेतून. अंड्याचं नुसतं टोक उडवायचं, बुडाला दाभणानं भोक पाडायचं, म्हणजे पाणी साचत नाही. लेक चिडवायची, "आमच्याकडे ऑम्लेटलाही माप लागतं!" रोपं जरा वर आली आणि नेमकं त्याच लेकीच्या बाळंतपणाला जावं लागलं. घराची किल्ली तिनं धाकटीच्या हाती दिली. सख्ख्या बहिणीवर नाही, तर विश्वास ठेवायचा कुणावर?

परत आली तर खिडकीत रोपं हिरवीगार.

"ताई, रोज पाणी घातलं हं. बोलायचेसुद्धा त्यांच्याशी," धाकटी म्हणाली. थोरलीला भरून आलं. तिनं धाकटीला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती रोपं कुंडीत लावायला बसली. लावण्याआधी टरफल मुठीत हलकेच दाबून तडकवायचं, म्हणजे मुळांना वाट मिळते. तिनं पहिलं उचललं. टरफल मधोमध फोडलेलं. बुडाला भोक नाही. दुसरं तसंच, तिसरंही तसंच. ही तिची रोपं नव्हतीच. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

ट्रे उचलून ती तडक धाकटीच्या घरी गेली. बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीमागे नव्या कुंड्या होत्या. मातीतून टरफलांच्या कडा वर आलेल्या, न तडकवलेल्या. रोपं पिवळी पडून माना टाकून बसली होती.

"सगळं तुझ्याकडेच का राहावं?" धाकटी रडायला लागली. "माझी आई नव्हती का ती?"

"मागितली असतीस तर अर्धी दिली असती गं. टरफल तडकवायचं असतं, तेही सांगितलं असतं. केसानं गळा कापलास माझा."

थोरलीनं एकेक टरफल उकरून फोडलं. आत मुळं कोंडून कुजली होती. एकाच रोपाचं मूळ अजून पांढरं होतं. ते तिनं ओल्या रुमालात गुंडाळलं.

"ताई, ते तरी ठेव ना मला."

थोरलीनं बाजारच्या रोपांचा ट्रे तिच्यासमोर सरकवला.

"ही तुझी. रोज पाणी घाल. बोलत जा त्यांच्याशी."