चुन्याच्या डबीचं झाकण

हिंदुरावानं आयुष्यात कुणाला काही फुकट दिलं नाही आणि कुणाकडून फुकट घेतलंही नाही. शेजारणीनं वाटीभर खीर पाठवली तरी हा गडी दोन दिवस डोकं खाजवणार, हिला आपल्याकडून काय पाहिजे असेल बरं? तळवड्याचा राहणारा, चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं घासलेला, प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबून तुकडे काढणाऱ्या विभागाचा, लाइन लीडर. अशा माणसाच्या दारात रविवारी सकाळी त्याच्याच लाइनवरचा कामगार याकोब साळवे येऊन उभा राहिला. चर्चमधली मिस्सा आटोपून थेट आलेला. डाव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज, बरोबर बायको मार्था, आणि तिच्या हातात करंज्यांचा डबा!

हिंदुरावाचा हात आधी दाराच्या कडीवर गेला. जाणारच की. चोराच्या मनात चांदणं.

त्याचं असं झालं होतं. नऊ दिवसांपूर्वी साळवे चहाला गेला, इकडे प्रॉडक्शनचा आकडा मागे पडत होता, म्हणून हिंदुराव स्वतःच त्याच्या प्रेसवर उभा राहिला. त्या जुन्या प्रेसला दोन बटणं. दोन हातांनी दोन्ही दाबाल तरच ती खाली येणार, म्हणजे हात आत सापडायचा प्रश्नच नाही. पण घाईला आलेली जुनी खोडं एक बटण कशानंतरी दाबून अडकवतात आणि एका हातानं काम रेटतात. हिंदुरावानं आपल्या चुन्याच्या डबीचं पितळी झाकण डाव्या बटणाभोवतीच्या कडीत ठोकलं, बटण दाबलेलंच राहिलं. भराभर तुकडे काढले. तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं, तो गेला आणि झाकण राहिलं तिथंच. साळवे परत आला. एक तुकडा तिरका बसला म्हणून सरळ करायला त्यानं डावा हात आत घातला आणि उजवं कोपर दुसऱ्या बटणाला लागलं. एरवी काहीएक झालं नसतं. त्या दिवशी दोन बोटं गेली.

पळापळीत झाकण गायब झालं. बटण अडकवलेलं होतं हे त्याच्या वाकलेल्या कडीवरून साहेबांना कळलं होतं. कुणी अडकवलं ते कळलं नव्हतं. गुरुवारी चौकशी होती. नाव निघालं की नोकरी गेली, हे हिंदुरावाला पक्कं ठाऊक होतं.

आणि आता हा साळवे त्याच्याच खुर्चीत बसून चहा पीत होता. विजयश्री, हिंदुरावाची बायको, मार्थाला घेऊन आत गेली तसा साळवेनं खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि टीपॉयवर ठेवला. आत झाकण होतं. खिळ्यानं कोरलेल्या 'हिं'सकट.

"हे तुमचं, हिंदुरावभाऊ," साळवे म्हणाला. "पडलं तेव्हा माझ्या मुठीत कसं आलं देव जाणे. अँब्युलन्समध्ये पाहिलं."

हिंदुरावानं झटकन झाकण उचलून मुठीत घेतलं. "मग? साहेबांना का न्हाई दिलं?"

"मी तुम्हाला माफ केलंय. ते सांगायलाच आलो."

"बरं. आन बदल्यात काय पायजे?"

"काही नको."

"असं कुटं असतंय व्हय? फुकट कोन काय देतंय, राव?"

साळवे हसला. "आमच्यात त्यालाच कृपा म्हणतात. कमवून मिळाली तर ती मजुरी झाली. मला देवाकडून किती वेळा दया मिळालीय, भाऊ, ती काय मी एकट्यानं दाबून ठेवू?" मग त्याचा आवाज जरा उतरला. "पण एक सांगतो. दया म्हणजे चूक झालीच नाही असं नव्हे. चूक झालीय आणि ती तुमची आहे. मी खोटं बोलणार नाही."

बाकीचं सगळं हिंदुरावाच्या डोक्यावरून गेलं. शेवटचं वाक्य तेवढं कानात रुतून बसलं.

पाहुणे गेले. आत मार्थाकडून सगळं ऐकलेली विजयश्री म्हणाली, "अहो, किती देवमाणूस आहे! मी असते तर तुमचा गळा धरला असता."

"गप ए. गूळ लावतोय त्यो." करंजीला त्यानं हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्यानं ज्योतीरामच्या कानाला लागून सगळं सांगितलं. ज्योतीराम म्हणजे स्टोअरमधला, उंदीर शिंकला तरी त्यात कट शोधणारा.

"पुरावा परत दिला?" ज्योतीरामचे डोळे बारीक झाले. "पाणी मुरतंय, भावा. फोटो काढून ठेवला असणार. चौकशीत सगळ्यांसमोर मोबाइल काढणार आन तुझा बाजार उठवणार. खोटं बोलणार न्हाई म्हनला ना? मग?"

मग काय! हिंदुरावाला अन्न गोड लागेना. साळवे दया करतोय म्हणजे नेमकं काय करतोय, हे त्यानं सतरा बाजूंनी उलटंपालटं करून पाहिलं, आणि दर वेळी त्याला सापळाच दिसला. बुधवारी त्याची सहनशक्ती संपली. त्यानं आम्रपाली मॅडमना, म्हणजे सेफ्टी ऑफिसरना, लेखी जबाब देऊन टाकला: साळवेनंच बटण अडकवलं, मी डोळ्यांनी पाहिलं. सही ठोकली. त्यानं घाव घालायच्या आत आपण घातला, असं मनाला बजावलं, आणि तरी खिशातलं झाकण दहा वेळा चाचपून पाहिलं.

गुरुवारी टेबलाच्या अलीकडे दोघं शेजारी शेजारी बसले. मॅडमनी जबाब मोठ्यानं वाचला. हिंदुराव भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिला.

"साळवे, हे खरं आहे?"

साळवेनं मान वळवून हिंदुरावाकडे पाहिलं. तोंडावर चापट बसलेलं पोर पाहतं तसं पाहिलं. मग म्हणाला, "नाही मॅडम. मी नाही अडकवलं."

"मग कोणी?"

"ते मी सांगणार नाही. ज्याचं त्यानं सांगावं."

"अहो, नाव नाही सांगितलंत तर दोष तुमच्यावर येईल. दोन बोटं तर गेलीच, वर नोकरीही जाईल. कळतंय का?"

"कळतंय." साळवेनं आपल्या बँडेजकडे पाहिलं. घरी मार्था होती, बारावीतली मुलगी होती. ते त्यालाही आठवलं असणार. त्याचा उजवा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

आला! हिंदुरावानं दात आवळले. आता निघतोय मोबाइल.

निघाला तो रुमाल. साळवेनं कपाळ पुसलं आणि रुमाल परत ठेवून दिला.

"अरं काढ की फोटो!" हिंदुराव खुर्चीतून उठलाच. "काढ एकदाचा! कशाला जीव टांगणीला लावतोस माझा?"

साळवे गोंधळला. "कसला फोटो, भाऊ?"

एवढंच विचारलं त्यानं. आणि त्या साध्या तोंडाकडे बघताना हिंदुरावाला कळलं, की फोटो नव्हताच. सापळा नव्हता, गूळ नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. या माणसानं आपला एकुलता एक पुरावा रुमालात बांधून घरी आणून दिला होता, आणि आपण त्याच्यावरच आळ घेतला होता. हिंदुरावाला ब्रह्मांड आठवलं. लाज अशी दाटली, की त्यापेक्षा प्रेसखाली हात गेला असता तर बरं, असं वाटलं.

चार दिवस खिशात बाळगलेलं झाकण त्यानं काढलं आणि मॅडमसमोर ठेवलं.

"हे माजं हाय. मीच अडकवलं, मीच इसरलो. कालचा जबाब खोटा हाय."

मॅडमनी झाकण उचलून त्यावरचा 'हिं' पाहिला. मग त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. काय होईल ते मी आत्ता सांगू शकत नाही."

हिंदुराव लिहायला बसला. हात एवढा थरथरत होता की कागद टेबलावर जागचा हलायला लागला. त्यानं पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं.

शेजारून साळवेनं आपला चांगला हात पुढे केला आणि कागदाचा कोपरा दाबून धरला.

"लिहा, भाऊ," तो म्हणाला. "मी धरलाय."