हात मांडीवर ठेवून दहा मिनिटं

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे दात तयार होतात. माझी बायको कवळ्या बनवते. बावीस वर्षं बनवतेय. डॉक्टर रोग्याच्या तोंडात रबरासारखा लगदा दाबून माप घेतात, त्या मापात प्लास्टर ओतलं की जबड्याचा पांढरा साचा निघतो, आणि त्या साच्यावर ही एकेक दात मेणात बसवते. माझी कंपनी बंद पडल्यापासून मी तिच्या हाताखाली आहे. दवाखान्यातून मापं आणायची, प्लास्टर ओतायचं, साच्याच्या बुडाला पेन्सिलीने कामाचा नंबर घालायचा, फोन घ्यायचे आणि तयार कवळी पोचवायची. धाकटा भाऊ मला दातवाला म्हणतो. मी त्याला जे म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडून एक भयंकर चूक झाली. एका निवृत्त हेडमास्तरांचा खालचा जबडा एका बेकरीवाल्याच्या आईला गेला आणि आजीबाईंचा हेडमास्तरांना. हेडमास्तर आरशासमोर उभे राहून नवे दात लावू बघतात तर ते तोंडात नाचायला लागले. आजीबाईंनी तर सुनेवरच संशय घेतला. ऐकणारा प्रत्येक जण पोट धरून हसला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. आमचं निम्म्याहून जास्त काम त्यांच्याकडून येतं. ते म्हणाले, "ताई, तुमच्या हाताला तोड नाही, पण पुन्हा असं झालं तर मला काम दुसरीकडे द्यावं लागेल."

ही पण हसली नाही. त्या दिवशी दोन्ही कामं एकाच वेळी तिच्या टेबलावर उघडी होती, तेव्हा अदलाबदल तिनेच केली हे तिने धरून टाकलं. मीही धरलं. रात्री जेवताना घास तसाच हातात धरून ती म्हणाली, "आईचं असंच सुरू झालं होतं."

तिची आई शिवणकाम करायची. बावन्नाव्या वर्षी तिने दोन गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांच्या बाह्या एकमेकींना लावल्या, आणि पाच वर्षांत पोटच्या मुलीला 'तुम्ही कोण' विचारायला लागली. आमची ही चूक झाली तेव्हा माझी बायको एक्कावन्न वर्षांची होती. मी म्हणालो, "काहीतरीच काय! चुका कोणाच्या होत नाहीत?" आणि आमटी वाढून घेतली. एवढंच मी केलं.

तिने मात्र दुसऱ्या दिवसापासून स्वतःला शिस्तच लावून घेतली. सकाळी आठ ते अकरा पुढचं दार बंद. तिचा मोबाईल स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर. टेबलावर एका वेळी एकच काम. दुसरं काम खोलीत दिसलं तरी ती उठून कपाटात ठेवून यायची. आधी कामासोबत आलेली डॉक्टरांची चिठ्ठी मोठ्याने वाचायची, शाळेत धडा वाचतात तशी, शब्द न् शब्द. मग साचा समोर ठेवायचा, हात मांडीवर घ्यायचे आणि दहा मिनिटं नुसतं बघायचं. मेणाला हात नाही, चाकूला हात नाही. भिंतीवरचा काटा दहा मिनिटं पुढे गेला की मगच मेण वितळवायचा दिवा पेटवायची. साडेनऊला उठून खिडकीशी उभं राहून एक ग्लास पाणी, घोट घोट घेत. आणि काम दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचं माप फेकायचं नाही, हाही नवा नियम.

खरं सांगतो, मला याचा वैताग यायचा. माझा स्वभाव मुळात उतावळा, नाकावर राग. मी दाराबाहेर फोनवर लोकांना थोपवत उभा आणि ही आत पांढऱ्या जबड्याकडे टक लावून बसलेली! "झाली का समाधी?" मी विचारायचो. "सहा मिनिटं राहिलीत," ती मान न वळवता सांगायची. एकदा एका डॉक्टरांचा तातडीचा फोन आला म्हणून मी दार ढकलून आत गेलो, तर तिने शांतपणे पहिल्यापासून पुन्हा चिठ्ठी वाचायला घेतली. पुन्हा दहा मिनिटं. मी कानाला खडा लावला.

पण महिना-दोन महिन्यांत माझा सूर बदलला, आणि तो तिच्या कामाने बदलला. पूर्वी कवळी दोनदा तरी घासायला परत यायची. ते जवळजवळ थांबलंच. ती साच्याकडे बघून सांगायला लागली, "हा माणूस उजव्याच बाजूने चावतो," किंवा "या बाईंना हसताना वरचा ओठ दाबायची सवय आहे." डॉक्टर फोनवर विचारायचे, तुम्हाला कसं कळलं? अकरा वाजता दार उघडायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थकवा नसायचा. मी सकाळपासून चार फोन, दोन भांडणं आणि एक बिस्किटाचा पुडा संपवून चिडलेलो असायचो, आणि ही तीन तासांत पूर्वीचं दिवसाचं काम उरकून विचारायची, "चहा टाकू?" इतकी वर्षं संसार केला, पण या बाईचं मला असं अप्रूप कधी वाटलं नव्हतं. भावापुढे मी तिची फुशारकी मारायला लागलो. तिच्यापुढे मात्र नाही. तेवढं मन मोठं नव्हतं.

गेल्या मंगळवारची गोष्ट. डॉक्टरांकडचं एक खालच्या जबड्याचं काम टेबलावर होतं. सव्वाआठला आतून हाक आली, "अहो, जरा आत या."

आठ महिन्यांत बंद वेळेत मला बोलावण्याची ही पहिलीच खेप. ती हात मांडीवर घेऊन बसली होती, पण बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली.

"चिठ्ठीत काय लिहिलंय, वाचा बघू," ती म्हणाली.

मी वाचलं. रोगी ड्रायव्हर, वय अठ्ठेचाळीस, खालचे दात तीन महिन्यांपूर्वी काढले.

"तीन महिने. मग हिरडी जाड आणि उंच हवी. ही बघा." तिने साच्यावरून बोट फिरवलं, स्पर्श न करता. "सुरीच्या धारेसारखी झिजलीय. यातले दात जाऊन पंधरा वर्षं तरी झालीत. हा जबडा त्या माणसाचा नाहीच."

"दवाखान्यातच चुकलं असेल."

"असेल. डॉक्टरांना फोन करून विचारा."

"वेड लागलंय का? पुन्हा जबड्याची अदलाबदल म्हटलं की ते पहिल्यांदा आपल्यावरच येणार. उद्यापासून काम बंद! आलंय तसं करून दे, तुला काय करायचंय?"

ती पुन्हा साच्यावर वाकली. मग अगदी हळू म्हणाली, "का मलाच असं दिसतंय? तुम्हाला पण झिजलेली दिसतेय ना? खरं सांगा."

तिचा आवाज ऐकून माझा राग जागीच विरला. हिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरलेला नव्हता. बावीस वर्षांत हजारो जबडे पाहिलेली बाई माझ्यासारख्या माणसाला विचारत होती, की तुम्हालाही दिसतंय ना.

"थांब, माप बघतो," मी म्हणालो आणि मागच्या खोलीत गेलो. हे काम आलं त्या दिवशीची दोन मापं कपाटात होती. मी टेबलावरचा साचा ड्रायव्हरच्या मापात बसवून बघितला. बसेना. दुसरं माप एका म्हाताऱ्या बाईंचं होतं. त्यात तो टपकन बसला. म्हणजे दवाखान्यातून दोन्ही मापं बरोबर आली होती. चिठ्ठ्याही बरोबर होत्या. साच्याच्या बुडाला पेन्सिलीने घातलेला नंबर तेवढा चुकीचा होता, आणि ते अक्षर माझं होतं.

मला तो दिवस आठवला. दोन साचे ओल्या हातांनी काढून ठेवले होते, नंबर घालत होतो आणि खांदा वर करून कानाशी फोन धरला होता. जुन्या स्कूटरला गिऱ्हाईक आलं होतं, त्याच्याशी घासाघीस चालली होती.

आणि मग दुसरीही शंका आली. आम्ही जुने साचे वर्षभर माळ्यावर ठेवतो. मी स्टूल घेतलं, हेडमास्तरांचे आणि आजीबाईंचे साचे खाली काढले. चूक झाली तेव्हाचे, आणि नंतर नव्याने मापं घेऊन केलेले. चारही ओळीत मांडले. पहिल्या वेळी हेडमास्तरांचा नंबर ज्या साच्यावर होता, तो आजीबाईंचा जबडा होता. आजीबाईंचा नंबर हेडमास्तरांच्या जबड्यावर. नंबर माझ्या हातचे. ते तिच्या टेबलावर पोचले तेव्हाच चुकलेले होते.

मी फरशीवरच बसलो. खोटं बोलणार नाही, एक गोष्ट माझ्या मनात आली. रबराने नंबर खोडायचे, नवीन घालायचे, ओरडून सांगायचं की दवाखान्याने घोळ केला होता, मी निस्तरला. कोणाला काही कळलं नसतं. साच्यांना तोंड असलं तरी ते बोलत नाहीत. मी खिशात रबर चाचपलंसुद्धा. स्वतःची एवढी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

चारही साचे ताटात घालून मी पुढच्या खोलीत गेलो आणि तिच्या टेबलावर ठेवले. एका वेळी एकच काम हा नियम मोडला, पण ती काही म्हणाली नाही.

"हा साचा दुसऱ्या बाईंचा आहे. नंबर मी चुकवला," मी म्हणालो. "तू बघितलंस ते बरोबर होतं. आणि हे हेडमास्तरांचे. तेव्हाही मीच चुकवला होता. तुझ्या हातून काहीच झालं नव्हतं."

तिने एकेक साचा उलटा करून नंबर वाचला. पुन्हा सुलटा करून हिरडी बघितली. तिला घाई नव्हती. मी शिव्यांची वाट बघत होतो. भांडं फेकून मारलं असतं तरी बरं वाटलं असतं.

"म्हणजे माझं डोकं बिघडलेलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही गं. माझं होतं. मी डॉक्टरांना आत्ता फोन करतो. दोन्ही चुका माझ्या, सांगतो. काम जायचं तर जाऊ दे."

"ते करा. नंतर करा." तिने डोळ्यांना पदर लावला आणि लावलेलाच ठेवला. खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तिने तो झटकला, आणि मग स्वतःच माझं मनगट पकडून ठेवलं.

"तुम्हाला काय वाटतं, मी आठ वाजता बसते तेव्हा माझा दिवस सुरू होतो?" ती म्हणाली. "आठ महिने मी रोज पाचला जागी होते. डोळे मिटूनच आधी वार म्हणायचे. मग तारीख. मग आईचं नाव, तुमचं नाव, आपल्या दोन्ही मुलांची नावं. सगळी बरोबर आली की मगच उठायचे."

मी रोज पाच वाजता तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, घोरत पडलेलो असायचो.