चाऱ्याची खबर

“पाणी कसं हाय?” फोनमध्ये म्हस्कूनं बायकोला विचारलं.

“नळाला येतं. एक दिवसाआड.” तानुबाई म्हणाली. रिसीव्हर तिनं कानापासून वीतभर लांब धरला होता, आणि आवाज मात्र दौंडहून कवठे येमाईला तारेशिवाय पोचावा एवढा लावला होता.

“आन् चारा?”

तानुबाईनं खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर रिकामा प्लॉट होता. मुरूम, विटांचे तुकडे, चार पिवळट नारळाची रोपं, कडेला गाजरगवत आणि एक वेडी बाभूळ. गाजरगवताला मेंढरू तोंड लावत नाही. बाभळीच्या शेंगा खातं, पण त्या उन्हाळ्यात पडतात. तिनं सगळं नीट पाहून घेतलं आणि खरं ते सांगितलं.

“चारा न्हाई.”

“न्हाई?”

“न्हाई.”

फोनमधली खरखर वाढली. “बरं,” म्हस्कू म्हणाला, “बघू मग.” आणि फोन बंद झाला.

फोन शेजारच्या पोपटरावांचा होता. ते सोफ्यावर पेपर धरून बसले होते आणि वाचत असल्यासारखे दिसत नव्हते.

“काय म्हणतो म्हस्कू? कवा येतोय?”

“बघू म्हणाले.”

“बघू म्हंजी?”

“म्हंजी बघू,” तानुबाई म्हणाली, आणि पदर सारखा करून बाहेर पडली.

दिवाळीनंतर ती दौंडला आली होती. मुलगा हनुमंत कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. आधी तो कंपनीजवळच खोली घेऊन राहायचा. लग्नानंतर त्यानं दौंडच्या बाहेरच्या अंगाला, नव्या कॉलनीत रो-हाउस घेतलं. खाली हॉल, स्वयंपाकघर, एक खोली. वर एक खोली आणि गच्ची. वरची खोली आईवडिलांची, असं त्यानं बांधकाम चालू असतानाच सांगून ठेवलं होतं. म्हस्कूचा उजवा गुडघा आता उतारावर दगा द्यायचा. तेव्हा ठरलं ते असं, की तानुबाईनं सामान घेऊन पुढं जायचं, आणि म्हस्कूनं मेंढरांचं काय ते बघून मागनं यायचं.

यात तानुबाईला काही नवं नव्हतं. उभ्या जन्मात तिनं दुसरं काही केलं नव्हतं. त्यांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावर, बाया पुढं जात. घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, भांडी, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं, आणि सरळ वाटेनं मुक्कामाची जागा गाठायची. पुरुष कळप घेऊन चरत चरत लांबच्या वाटेनं यायचे आणि दिवस मावळताना पोचायचे. तोवर बाईनं पाणी बघितलेलं असे, चारा बघितलेला असे, रानाच्या मालकाशी बोलून मेंढरं कोंडायची जाळीची वाघर ठोकलेली असे. म्हस्कू पुढं, त्याच्या हाकेमागं मेंढरं, आणि सगळ्यांत शेवटी भुऱ्या कुत्रं; एक गेलं की पुढच्याचंही नाव भुऱ्याच. तानुबाई वाघरीचं तोंड धरून उभी राहायची. भुऱ्या आत आला की कळप संपला. मग तोंड बांधायचं, आणि त्यानंतरच घोंगडी अंथरायची. मेंढरं उघड्यावर असताना माणसानं घोंगडीवर आडवं व्हायचं नाही, असं तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं, आणि का ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

आल्यावर म्हस्कू दोनच गोष्टी विचारायचा. पाणी. चारा. तिच्या शब्दावर उद्याची दिशा ठरायची. या खबरीत खोटं चालत नसे. बाकी सगळ्यात चालायचं. पाहुण्याला घरात गूळ संपला म्हणून सांगता यायचं, मालकाला मेंढरं कमी करून सांगता यायची. पण चाऱ्याचं खोटं सांगितलं तर मेंढरं उपाशी बसतात, आणि उपाशी मेंढरू रात्रभर उठबस करतं.

कवठ्याला जमिनीचा तुकडा घेऊन ते स्थिरावले त्याला बरीच वर्षं झाली होती. वर्षाची फिरती आखडत आखडत बंद पडली होती. कळपही आटला होता. पण हे सवाल तसेच राहिले होते.

दौंडच्या घरात सुनेनं, प्रतिभानं, पहिल्याच दिवशी वरच्या खोलीला पडदे लावले होते. फुलाफुलांचे. तानुबाईनं घोंगडीची वळकटी भिंतीला उभी केली आणि खाली चादर टाकून निजली. दुसऱ्या दिवशी तसंच. दिवाळी जाऊन संक्रांत आली.

“आत्या, ही घोंगडी अंथरू का? फरशी गार लागते.”

“मेंढरं बसली की अंथरायची.”

“इथं कुठली मेंढरं बसणारेत?”

तानुबाईनं वळकटी पुन्हा भिंतीला सरळ उभी केली. प्रतिभानं रात्री नवऱ्याला सांगितलं, “तुमच्या आईला हे घर आपलं वाटतच नाही. ट्रंक अजून उघडली नाही त्यांनी.” हनुमंत सेकंड शिफ्ट करून आला होता. त्याच्या शर्टाला सॉल्व्हंटचा गोडसर वास येत होता, कितीही धुतला तरी जात नसे. तो म्हणाला, “आबा आले की उघडंल.”

पण आबा येत नव्हते. आधी माद्या व्यायला झाल्या होत्या. मग कोकरं लहान होती. मग कोकरं मोठी झाली तेव्हा कवठ्याच्या ज्या दुकानातून म्हस्कू फोनवर बोलायचा, तिथल्या ज्ञानूनं सांगितलं, म्हस्कूमामा मेंढरं घेऊन घोडनदीच्या काठाला गेलेत, चारा बरा आहे तिकडं.

तानुबाई चालत राहिली. सकाळी एकदा, दुपारी एकदा, ऊन उतरल्यावर परत. कॉलनीत रस्ते चांगले होते, डांबरी, सरळ, एकमेकांना काटकोनात कापणारे. तिला त्यांचा राग यायचा. कुठूनही निघालं आणि चारदा उजवीकडं वळलं की माणूस जिथल्या तिथं. हे गाव नव्हतं, कारण कुणी ओट्यावर बसत नव्हतं. शहर म्हणावं तर पाण्याच्या टाकीपलीकडे ज्वारी उभी होती आणि लांबून रेल्वेच्या शंटिंगचा आवाज सोडला तर दुपारी चिटपाखरू नसायचं. घरं सगळी एका साच्यातली, बदामी रंगाची. एकदा ती भलत्याच घरात शिरली, चपला काढल्या, माठातलं पाणी प्यायली, आणि मग भिंतीवरचा देव वेगळा दिसला. त्या घरातल्या बाईनं हसून चहा केला. तेव्हापासून तानुबाई दारासमोरच्या विजेच्या वाकड्या खांबावरून घर ओळखायची.

पोपटरावांचंही तसंच चाललं होतं. मूळचे मांडवगण फराट्याचे, भीमेकाठी काळी जमीन, एकेकाळी गावात शब्द चालायचा. आता मुलगा पुण्याला, रान वाट्यानं दिलेलं, आणि हे इथं दिवसातून चार वेळा फाटकापर्यंत येऊन परत जायचे. समोरचा रिकामा प्लॉट त्यांचाच. त्यात त्यांनी नारळ लावले होते, ते मुरमात पिवळे पडून उभे होते.

“तानुबाई,” एक दिवस ते कुंपणावरून म्हणाले, “तुमची मेंढरं माझ्या रानात बसायची, त्याचं मी धान्य मोजायचो. खतानं ज्वारी काय यायची! आता बगा, तुमीच माझ्या शेजारी येऊन बसलाय.”

“मग धान्य द्या की आण्णा. बसल्याचं.”

पोपटराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. “आयला! पायली देतो. पर माझं नारळ तेवढं हिरवं करा.”

“त्याला मेंढरं लागत्याल.”

“मग बोलवा की म्हस्कूला!”

ती हसली नाही. टाकीच्या बाजूच्या रस्त्याकडं पाहत राहिली.

शिमगा तोंडावर आला तेव्हा हनुमंतनं विषय काढला. फर्स्ट शिफ्ट करून तो जेवायला बसला होता.

“आई, कंपनीतला एक जण खोली मागतोय. बिहारचाय, बरा माणूस हाय. शिमग्यापस्तर आबा आलं न्हाईत तर वरची खोली देतो त्याला. किती दिस मोकळी ठिवू?”

“आन् मी?”

“तू खाली. न्हाईतर…” त्यानं भाकरी मोडली. “न्हाईतर तुला कवठ्याला सोडतो. दोघं संगट तरी ऱ्हावा. मला काय, मी हितं, तुमी तिथं.”

“पुढं गेलेली बाई माघारी फिरत न्हाई.”

“का फिरत न्हाई? यस्टी हाय की.”

“ती माघारी निघाली आन् माणूस दुसऱ्या वाटंनं पुढं निघाला, तर? एकानं जागा धरून ऱ्हायाचं आसतं. म्हंजी दुसऱ्याला ती घावती.” एकदा भीमेला पाणी आलं तेव्हा ती पैलतीरावर अशीच थांबली होती. चूल पेटती ठेवली होती. सकाळी म्हस्कू उतारानं आला, मेंढरं आली, आणि शेवटी पाण्यातून भुऱ्या अंग झाडत वर आला, तेव्हाच ती खाली बसली होती.

हनुमंतनं ताट बाजूला सारलं. हात धुऊन उठला.

प्रतिभा भांडी घेताना म्हणाली, “आत्या, एक विचारू? मामा फोनवर तुम्हाला काय विचारतात?”

“इचारत्यात. पाणी कसं हाय, चारा कसा हाय.”

“मग तुम्ही काय सांगता?”

“हाय ते सांगती. चारा न्हाई.”

“दर वेळेला?”

“दर येळंला न्हाईच की! तूच बग भाईर.”

प्रतिभानं हातातलं ताट खाली ठेवलं. तिचे आजोबाही मेंढपाळच होते, पण तिच्या वडिलांनी शेती धरली आणि तिला बारावीपर्यंत शिकवलं. तरी तिला कळायला वेळ लागला नाही.

“अहो आत्या, मग ते कसे येतील?”

तानुबाई ओट्याला टेकून उभी राहिली. नळातून एक एक थेंब पडत होता. ती तो पाहत होती. इतके महिने तिनं म्हस्कूला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. बाईपेक्षा मेंढरं प्यारी म्हणून. आणि तो तर तिच्याच शब्दावर चालला होता. चारा न्हाई म्हटल्यावर त्यानं आजवर कधी तिकडं कळप वळवला होता का?

“सांगा ना, आहे म्हणून,” प्रतिभा हळूच म्हणाली. “आले की बघता येईल.”

“चाऱ्याचं खोटं सांगू?”

“एकदा.”

तानुबाईनं मान हलवली. ती नाही होती की हो, ते प्रतिभाला कळलं नाही. तानुबाई पायात चपला सरकवून बाहेर पडली होती.

पोपटरावांनी नंबर लावून दिला. ज्ञानूनं तिकडून सांगितलं, मामा आजच आलेत, थांबा, हाक मारतो. पोपटराव उठून आत जायला लागले, मग घर आपलंच आहे हे आठवून परत बसले आणि पेपर तोंडासमोर धरला.

“हं,” म्हस्कूचा आवाज आला. “बरं हाय का सगळं?”

“हाय.”

“पाणी?”

“एक दिवसाआड.”

मग तो थांबला. पुढचा सवाल विचारावा की नाही, असं त्यालाही झालं असावं. उत्तर ठाऊक होतं. पण विचारल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

“आन् चारा?”

तानुबाईनं खिडकीतून प्लॉटकडं पाहिलं. पिवळे नारळ. मुरूम. गाजरगवतही आता वाळलं होतं.

“चारा न्हाई,” ती म्हणाली. “तरी या.”

खरखर.

“तरी?”

“व्हय. तरी.”

पलीकडं ज्ञानूच्या दुकानात कुणीतरी साबण मागत होतं. मग फोन बंद झाला. पोपटरावांनी पेपरचं पान उलटलं. पलीकडचं पान उलटं लागलं होतं, ते त्यांनी तसंच वाचायला घेतलं.

आठवडा गेला. होळी झाली, धुळवड झाली. हनुमंतनं त्या बिहारी माणसाला अजून हो म्हटलं नव्हतं. तानुबाई आता फिरायला जात नव्हती, फाटकातच बसून राहायची.

ऊन कलताना टाकीच्या वळणावर म्हस्कू दिसला. डोक्याला पटका, काठी खांद्यांवर आडवी, तिच्यावर दोन्ही हात टाकलेले. तो रस्त्याच्या मधून चालत होता. तानुबाई उठली. सवयीनं तिची नजर त्याला सोडून त्याच्या मागं गेली, धुरळा शोधत. धुरळा नव्हता. डांबर स्वच्छ दिसत होतं.

मग खूप मागं, वळणावर, भुऱ्या आला.

तो म्हस्कूच्या पायात नव्हता. जिथं असायचा तिथंच होता, कळपाच्या शेपटाला. मधे रस्ता मोकळा होता, कळप मावेल एवढा. म्हस्कू मधूनच चाल मंद करायचा, जणू मागची लंगडी मेंढी गाठू शकेल इतकी, आणि तेव्हा कुत्रंही चाल मंद करायचं. मागून एक स्कूटर आली, हॉर्न वाजवत त्या मोकळ्या जागेतून निघून गेली. भुऱ्या थबकला, स्कूटर गेल्यावर पुन्हा तेवढंच अंतर धरून चालू लागला.

पोपटराव त्यांच्या फाटकात येऊन उभे राहिले होते. “लय उशीर केलास म्हस्कू!”

“चालत आलो आण्णा. कुत्र्याला यस्टीत घेत न्हाईत.”

“आन् मेंढरं?”

“सावळारामाला दिली. पुतण्याला. त्याला चारा हाय.”

पोपटरावांनी आपल्या पिवळ्या नारळांकडं पाहिलं.

म्हस्कू तानुबाईपुढं आला. त्यानं काठी खांद्यावरून उतरवून हातात घेतली, घराकडं पाहिलं, वाकड्या खांबाकडं पाहिलं.

“पाणी हाय का?”

“आज हाय.”

तो आत गेला. प्रतिभा दारात आली होती. सासऱ्याला पाहून ती पदर सावरत वर पळाली, आणि गच्चीवरून वाकून तिनं हाक मारली, “आत्या, अंथरू का आता?”

“थांब,” तानुबाई म्हणाली. “अजून आत आली न्हाईत.”

ती फाटकाची एक फळी धरून उभी राहिली, बाजूला सरकून, वाट मोकळी ठेवून. रस्त्यावरून भुऱ्या आपल्या चालीनं येत होता. त्याला घाई नव्हती. तिनंही केली नाही. तो फाटकाशी आला, थांबून एकदा मागं वळून पाहिलं, मग आत शिरला.

तानुबाईनं कडी लावली.

“आता अंथर,” ती म्हणाली.