पाहुण्यासमोर बरं दिसत नाही

मेंढीच्या पाठीवर निळ्या रंगाचा फराटा.

चॅपेलच्या फाटकावर पाटी: सुट्टीसाठी भाड्याने, आत गरम पाण्याचा टब आहे.

रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘सावकाश’, वेल्श आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. मेंढ्या दोन्ही वाचत नाहीत.

शाळा बंद. शाळेच्या घंटेला मात्र अनुदानातून नवी दोरी.

हे सगळं एकाच काचेतून दिसतं. काच बसची, आणि बस तेग्वेनची. कूम हेस्गच्या दरीत माणूस कामावरून ओळखला जातो, म्हणून ही ड्रायव्हर तेग्वेन बस. तिचा बाप हाऊएल बस होता. आता बसचा खर्च उचलणाऱ्या सरकारी कचेरीला खर्च कमी करायचा होता, आणि कात्री हातात आली की तिला पहिली ही दरीच दिसायची.

थांबा: पोस्ट, बंद

बातमी दिलिस पोस्टनं आणली. पोस्ट कधीच गेलं होतं, पण नाव आणि बातम्या तिच्याकडेच राहिल्या होत्या.

“मंगळवारी कचेरीतला साहेब येतोय,” ती चढता चढता म्हणाली. “बसमध्ये बसून कान देणार. बसमध्ये वेल्श चालते असं दिसलं तर भाषेच्या निधीतून पैसे, आणि तेग्वेनची नोकरी पक्की. नाहीतर ठेका बाहेरच्या कंपनीला.”

“बोलायचंच आहे ना?” मागून मेंढपाळ इद्वाल म्हणाला. “तुला गप्प बसायला सांगितलं असतं तर मला घोर लागला असता.”

“तू अंघोळ करून ये, बाबा. तेवढं केलंस तरी पुष्कळ.”

तेग्वेन हसली नाही. पन्नाशीला आलेल्या बाईला या दरीत दुसरं कोण काम देणार?

रविवारी तालीम झाली. दिलिसनं आपल्या कंबरेविषयी बोलायचं, इद्वालनं मेंढ्यांविषयी, आणि गायकसंघातल्या बायकांनी नव्या पाद्र्याला नावं ठेवायची. या शेवटच्या कामाला तालमीची गरज नव्हती.

थांबा: हात दाखवाल तिथे

मंगळवारी बस खच्चून भरली. दारात दोन-दोन मोटारी असणारेही आले. “बस टिकलीच पाहिजे,” त्यातला एक म्हणाला, आणि तिकीट कुठे मिळतं ते विचारू लागला. वेल्शचा असा गलबला उठला की तेग्वेनला इंजिन ऐकू येईना. तिला बरं वाटलं.

पुलापाशी साहेबानं हात दाखवला. ग्रॅहम त्याचं नाव, अंगात नवाकोरा रेनकोट.

“नमस्कार मंडळी,” तो म्हणाला. वेल्शमध्ये, ओल्या दगडांवरून ओढा ओलांडावा तसा एकेक शब्द जपून टाकत.

बस गप्प झाली. पाहुणा आला की त्याला चहा द्यायचा, केकचा मोठा तुकडा द्यायचा आणि त्याची भाषा द्यायची, हे इथे दुधाबरोबर पाजतात.

“सुप्रभात, महोदय,” दिलिस म्हणाली. इंग्रजीत.

मग एक मेंढी फाटकातून गेली की बाकीच्या जातात, तशी अख्खी बस इंग्रजीत गेली. इद्वाल जन्मात कधी बायकोशी इंग्रजी बोलला नव्हता. तो तिच्याकडे वळून म्हणाला, “आपणांस खिडकीजवळ बसावयास आवडेल काय?”

ती लाजून लाल झाली.

“मला वेल्श समजते,” ग्रॅहम वेल्शमध्येच म्हणाला. “बोला ना. मी त्याच्यासाठीच आलोय.”

“किती सुरेख बोलता आपण,” दिलिस इंग्रजीत म्हणाली. “कोठे शिकलात?”

तेग्वेन आरशात सगळं बघत होती. आता ओरडावं, चांगल्या चार शिव्या हासडाव्यात, असं तिच्या ओठांवर आलं. पण साहेब पाठीमागेच बसलेला. पाहुण्यासमोर आपल्याच भाषेत आपसात बोलायचं? बरं दिसतं का ते?

“मंडळी,” ती म्हणाली, “कृपया वेल्शमध्ये बोलावे.”

इंग्रजीत.

“निश्चितच,” बस म्हणाली. तीही इंग्रजीत.

थांबा: शेवटचा

ग्रॅहम प्रामाणिक माणूस. बस भरलेली दिसली, म्हणून बस राहिली. वेल्श ऐकू आली नाही, म्हणून निधी गेला आणि ठेका बाहेरच्या कंपनीला मिळाला. नव्या ड्रायव्हरला वेल्शचा गंध नाही. पण भाषेचा कायदा तो कायदा, म्हणून कंपनीनं छताला एक आवाज बसवलाय. तो प्रत्येक थांबा शुद्ध वेल्शमध्ये पुकारतो. उतरताना दिलिस छताकडे बघून वेल्शमध्ये आभार मानते.

“त्याला काय कळतंय, बाई?” इद्वाल म्हणतो.

“न कळू दे. निदान पाहुणा तरी नाही.”

तेग्वेन आता चॅपेलमधला टब घासते. लोक तिला तेग्वेन बसच म्हणतात. रोज सकाळी ती बसनंच कामाला जाते आणि चढताना ड्रायव्हरला सुप्रभात म्हणते, इंग्रजीत.

पाच वर्षांची होईपर्यंत तेग्वेनला इंग्रजीचा एकही शब्द येत नव्हता.