पटावरचा एक्केचाळिसावा

आमच्या रूपालीच्या ऑफिसात येणाऱ्या दहा माणसांपैकी सात जण एक जूनला जन्मलेले असतात. परदेशातल्या साहेबांना याचं मोठं कोडं पडतं. एका कंपनीनं तर ई-मेल करून विचारलं होतं, की जालना जिल्ह्यात त्या दिवशी काही विशेष असतं का? रूपाली पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. विशेष कसलं डोंबलाचं! शाळा जूनमध्ये भरायची, पोराला सहा वर्षं पूर्ण लागायची, आईला तारीख सांगता यायची नाही आणि मास्तरला घाई असायची. ठोक एक जून! मी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेचा मास्तर होतो. दोनेकशे पोरांचे वाढदिवस माझ्या हातचे आहेत.

रूपाली, म्हणजे माझी मुलगी, वकील आहे. भोकरदन नाक्याजवळ तिचं ऑफिस आहे. कुणाला बाहेर देशात नोकरी लागली की व्हिसाचे कागद ती करते. एखाद्या बियाणं कंपनीला तिकडचा तज्ज्ञ इकडं बोलवायचा असला तर त्याचीही फाइल तीच बघते. एजंटाच्या नादी लागून फसलेले लोक रडत येतात, तेव्हा ती आधी झापते आणि मग काम करते. स्वभाव माझ्यावर गेलाय. निवृत्त झाल्यापासून मीही सकाळी तिथं जाऊन बसतो, कागद लावतो, नावांतल्या चुका काढतो. दुसऱ्याच्या चुका काढायची मास्तरची खोड मेल्याशिवाय जात नाही.

ऑगस्टमध्ये एक दिवस एमआयडीसीतल्या रोलिंग मिलचा एक कामगार आला. भट्टीपुढं उभं राहून राहून रापलेला चेहरा, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची पिशवी. वकीलबाईंकडं बघायच्या आधी त्यानं मला बघितलं आणि सरळ पाया पडला.

"गुरुजी! वळखलं न्हाई का? मी रामेश्वर. धनगरवस्तीवरचा. बायनाबाईचा."

ओळखलं होतं. तो दारात दिसला तेव्हाच ओळखलं होतं. पण मी उगीच चष्मा पुसत बसलो.

त्याचं काम साधं होतं, म्हणजे व्हायला हवं होतं. मिलमधला त्याचा जुना इंजिनिअर ओमानला गेला होता. तिथल्या लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर मुकादम हवा होता आणि इंजिनिअरनं नाव घेऊन रामेश्वरलाच मागितलं होतं. इकडं मिलमधली भट्टी दिवाळीनंतर बंद होणार होती. अठरा वर्षं माणसानं भट्टीशिवाय दुसरं काही केलेलं नाही. ओमान हुकलं तर नाक्यावर बिगारी म्हणून उभं राहायचं, एवढंच उरत होतं. अडचण एकच होती. कंपनीला चाळिशीच्या आतला माणूस हवा होता, आणि पासपोर्टवर, शाळेच्या दाखल्यावरून, जन्मतारीख होती एक जून एकोणीसशे चौऱ्याऐंशी. म्हणजे एक्केचाळीस पूर्ण.

"पण मॅडम, माय म्हणती मी येवढा न्हाई," रामेश्वर म्हणाला. "चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी झालो म्हणती, गावात लाईट आली त्या साली. लाईट पंच्याऐंशीला आल्ती. म्हंजी मला आजून चाळीस झालेच न्हाईत बघा."

"ग्रामपंचायतीत नोंद?"

"कुठली वो! मेंढरं घेऊन परभणीकडं गेल्ते. रानातच झालो."

रूपालीनं त्याला समजेल असं सांगितलं. जन्माची नोंद उशिरा करून घेता येते, तिच्यावरून पासपोर्टही दुरुस्त होतो. पण नुसत्या आईच्या शब्दावर कुणी ते करत नाही. शाळेत ज्यानं नाव घातलं त्या मास्तरनं शपथेवर सांगायला हवं, की लिहिलेली तारीख खरी नव्हती. मग ती माझ्याकडं वळली. "पप्पा, तुम्हीच असाल ना तेव्हा तिथं? काही आठवतं?"

"एवढ्या पोरांत कोण लक्षात ठेवतंय," मी म्हणालो. "आईनं सांगितली तीच लिहिली असेल."

धडधडीत खोटं बोललो. तेही पोटच्या पोरीसमोर, आणि ज्यानं आत्ताच पाय धरले होते त्याच्यासमोर.

मला सगळं आठवत होतं. जून एकोणीसशे नव्वद. परतूर तालुक्यातली आमची शाळा दोन मास्तरांची. पटावर एक्केचाळीस पोरं भरली तरच दुसरा मास्तर टिकणार होता, आणि तो दुसरा मास्तर मी होतो. भरली होती चाळीस. एका डोक्यावाचून माझी बदली जाफराबादच्या पार टोकाला जाणार होती, आणि घरी रूपाली तीन महिन्यांची होती. दुसऱ्या दिवशी विस्तार अधिकारी पोरं मोजायला येणार म्हणून मी संध्याकाळी सायकल काढली आणि धनगरवस्ती गाठली. बायनाबाई भाकरी थापत होती. पोरगं उघडंच मातीत खेळत होतं.

"ह्याला उद्या शाळेत पाठव," मी म्हणालो.

"लई बारका हाय वो गुरुजी. साडेचार वर्साचा बी धड न्हाई. चंपाषष्ठीचा हाय त्यो."

"काही होत नाही. लवकर शिकेल, लवकर साहेब होईल."

तर असं होतं. तारीख माहीत नव्हती म्हणून मी एक जून ठोकला, असं नव्हतं. तारीख मला सांगितली होती. मी ती ऐकली, मान डोलावली आणि रजिस्टरात असं साल घातलं, की पोरगं बरोबर सहा वर्षांचं व्हावं. माझी बदली टळली. माझ्या रूपालीची जन्मतारीख मात्र दवाखान्याच्या दाखल्यावरून, बिनचूक. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी वर्गात शिकवायचो, तसंच वागायचो.

नऊ दिवस मी तोंड उघडलं नाही. पेन्शनला धक्का लागेल म्हणून गप्प आहे, असं मनाला सांगत राहिलो. ते निव्वळ निमित्त होतं. मला भीती रूपालीची होती. माझ्या बापानं खडी फोडून मला शिकवलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मी पाढे पाठ केले. शाळेपेक्षा मोठं आमच्या घरात काही नव्हतं. त्या शाळेच्या रजिस्टरात आपल्या बापानं आपल्या सोयीसाठी खोटं लिहिलं, हे लेकीला कळलं तर कसं व्हायचं? रोज सकाळी रामेश्वरचा फोन यायचा, "मॅडम, काही झालं का?" रूपाली दुसरा पुरावा शोधत वणवण करत होती. सुईणबाईचं नाव काढलं तर ती वारलेली. कंपनी सप्टेंबरअखेरपर्यंतच थांबणार होती. रूपाली फोनवर बोलायची आणि मी शेजारी बसून कुणाच्या तरी नावातली वेलांटी तपासायचो. जेवण जाईना. बायकोनं विचारलं, तर तिच्यावरच खेकसलो.

दहाव्या दिवशी रामेश्वर आईला घेऊन आला. बायनाबाई आता पार वाकली होती. खुर्चीवर बस म्हटलं तरी बसेना. उभ्याउभ्याच रूपालीला म्हणाली, "बाई, ऱ्हाऊ द्या आता. माहंच चुकलं असन. मी अडाणी, मेंढरामागची. मला काय साल कळतंय? गुरुजींनी लिव्हलंय तेच बराबर. उगा लेकराला आस लावली म्या."

मग माझ्याकडं वळून तिनं हात जोडले. "गुरुजी, तुमच्या लिव्हण्यावर बोट ठुलं. माफी करा."

ते जोडलेले हात मला बघवेनात. मी उठून उभा राहिलो.

"बाई, तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणालो. "चुकलं माझं. चुकलं कसलं, मी ठरवून केलं. चंपाषष्ठीचा आहे, साडेचारचा आहे, हे तुम्ही मला सांगितलं होतं. माझी बदली होऊ नये म्हणून मी त्याला सहाचा केला."

आणि मग सगळं सांगितलं. चाळीस पोरं, सायकल, विस्तार अधिकारी. या नऊ दिवसांतलं गप्प बसणंही सांगितलं. रूपाली माझ्याकडं बघत नव्हती.

"मी तीन महिन्यांची होते तेव्हा," ती हळूच म्हणाली. "म्हणजे माझ्यासाठी?"

"तुझं नाव कशाला घेऊ? माझ्या सोयीसाठी."

मग तिच्यातला वकील परत आला, पण आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. "नऊ दिवस, पप्पा. पहिल्या दिवशी बोलला असता तर अर्ज कधीच आत गेला असता. आता करू आपण, पण कंपनी तोवर थांबेल की नाही, मी सांगू शकत नाही." तिनं लगेच प्रतिज्ञापत्र टाइप करायला घेतलं. तिनं लिहिलं, 'जन्मतारीख अंदाजाने नोंदवली.' बाप आहे म्हणून तिनं मला सोडवलं होतं. मी म्हणालो, "अंदाजानं नाही. खरी तारीख माहीत असूनही, असं लिही." तिनं ते खोडलं आणि मी म्हणालो तसं लिहिलं. कागद छापून झाल्यावर, पद्धतीप्रमाणे, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला.

रामेश्वर चिडेल, कॉलर धरेल, ओमान हुकलं तर तुमच्या दारात येऊन बसेन म्हणेल, अशी मी मनाची तयारी केली होती. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"म्हंजी," तो म्हणाला, "पहिलीत बसलो तवा मी साडेचार वर्साचा व्हतो?"

"हो."

"अन् माह्या बाजूचे समदे सहा-सात वर्साचे?"

"हो रे."

मग त्यानं विचारलं, "मंग मी ढ न्हव्हतो का, गुरुजी?"

चार वर्षं मी त्याला ढ म्हणालो होतो. पाटीवर अक्षर वळेना म्हणून त्याच्या बोटांवर छडी मारली होती. ती बोटं बारकी होती, पेन्सिल धरायच्या वयाची नव्हती, आणि हे सगळ्या शाळेत मला एकट्याला माहीत होतं. एकदा तर वर्गासमोर म्हणालो होतो, "तू आपली मेंढरंच राख." पोरं हसली होती. पुढं सातवीत नापास झाला तेव्हा तो आपणहून शाळा सोडून गेला. आपण ढ आहोत हे त्याला कुणी समजावून सांगायची गरजच उरली नव्हती. बदलीचं पाप मी नऊ दिवस उगाळत बसलो होतो. हे पाप मला पस्तीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

"नव्हतास," मी म्हणालो. "तू लहान होतास."

बायनाबाईनं तोंडाला पदर लावला. रामेश्वरनं टेबलावरच्या कागदावर बोट ठेवलं.

"मंग ते बी लिव्हा ह्याच्यात."

"रामेश्वरभाऊ," रूपाली समजुतीनं म्हणाली, "व्हिसाला ते लागत नाही हो."

"व्हिसाला नका लावू, मॅडम. येक कागद मला द्या. गुरुजींच्या हातचा, सही-शिक्क्याचा."

रूपालीनं माझ्याकडं बघितलं. मी खुर्ची ओढून बसलो, कोरा कागद पुढं घेतला आणि वर त्याचं पूर्ण नाव लिहिलं. खाली तेच एक वाक्य लिहायला घेतलं. रामेश्वर टेबलावर वाकून, ओठ हलवत, मी लिहीन तसं एकेक अक्षर वाचत होता.