सातव्याची जागा

राजधानी तिरानातल्या निवडीत आपलं गाणं पहिलं आलं, आता मे महिन्यातल्या स्पर्धेत सगळ्या युरोपसमोर देशाच्या नावानं आपण गायचं, या आनंदात ब्रिकेनाचे पाय तीन दिवस जमिनीला लागलेच नाहीत. गणिताच्या बाईंनी तिला फळ्याजवळ बोलावलं ते चक्क गायला! आणि चौथ्या दिवशी स्पर्धावाल्यांचं पत्र आलं.

"मंचावर सहाच माणसं चालतील," सोतिरकाकांनी वाचून दाखवलं. कॉफीचं दुकान त्यांचं आणि गाणारा मेळही त्यांचाच.

मेळात तर सात जण होते. सोतिरकाका, वासिलिका मावशी, प्रोको घराण्यातले तिघे भाऊ, ऐंशीला टेकलेले ल्यांब्रोआजोबा आणि सोळा वर्षांची ब्रिकेना. सगळ्यात नवी तीच. वगळणार तर तिलाच!

पण झालं भलतंच.

"मी राहते," मावशी म्हणाल्या. "माझ्या बकऱ्या कोण बघणार?"

"दोन तर बकऱ्या! त्यापेक्षा मी राहतो," थोरला प्रोको म्हणाला. "विमानात माझे कान दुखतात."

"विमानात कधी बसलायस तू?"

"नाही बसलो, म्हणून तर शाबूत आहेत!"

शेवटी सोतिरकाका म्हणाले, "एकेकाला वगळून गाऊन बघू. ज्याच्यावाचून अडणार नाही, तो राहील."

या डोंगरातलं गाणं असं, की ब्रिकेनानं ते वर उचलायचं, सोतिरकाकांनी उलट जबाब द्यायचा आणि बाकीच्या पाच जणांनी खाली एकच सूर धरून ठेवायचा. तो सूर तुटता कामा नये. म्हणून श्वाससुद्धा पाळीपाळीनं घ्यायचा. एकाचा दम सरला की बाकीचे त्याचा भार उचलतात.

ब्रिकेनाला वगळलं तर गाणं सुरूच होईना. तिचा जीव भांड्यात पडला! मावशींवाचून सूर बारीक झाला, प्रोकोंपैकी कुणीही गळला की भोक पडायचं. मग ल्यांब्रोआजोबा कॉफीचा कप घेऊन खुर्चीत जाऊन बसले आणि बाकीचे सहा गायला लागले.

आणि सूर कसा निघाला! अखंड, झऱ्याच्या पाण्यासारखा.

ब्रिकेना चपापली. आजोबांचा दम कमी पडतो, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतके दिवस बाकीच्यांनी आपापले श्वास मागेपुढे सरकवून त्यांना झाकून घेतलं होतं. कुणी कुणाला काही न बोलता.

तेवढ्यात मावशींना खोकला आला. मधला प्रोको, जो जन्मात कधी बेसूर झाला नव्हता, तो घसरला. सोतिरकाका तर स्वतःच रचलेले शब्द विसरले! ब्रिकेनाला सगळं लख्ख दिसलं. सातव्या वर्षापासून ती आजोबांच्याच मांडीवर बसून, त्यांच्या छातीला कान लावून गाणं शिकली होती. तिनंही आपला सगळ्यात उंच सूर हातातून बशी सोडावी तसा सोडून दिला.

"बघा," सोतिरकाका घाम पुसत म्हणाले, "आजोबांवाचून जमतच नाही."

आजोबा खदखदून हसले. "चोरांनो! इतकी वर्षं गाताय, पण एवढं वाईट आजच. आणि काय गं ब्रिकेना, खोटं बोलायलाही मीच शिकवलं का तुला?"

"आजोबा, मी..."

"माझा दम संपतो तिथे वासिलिकाचा सुरू होतो, हे मला ठाऊक नाही होय? छाती म्हातारी झालीय, कान नाही. मी राहतो. गावातही सूर धरायला कुणीतरी हवंच की."

ब्रिकेनानं त्यांच्या तंबाखूच्या वासाच्या कोटात तोंड खुपसून मनसोक्त रडून घेतलं.

स्पर्धा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात न्याहारीही न करता तिनं दुकानात फोन लावला.

"आजोबा, सतरावा नंबर!"

"बघितलं की. अख्खं गाव इथे बसलं होतं. मत द्यायला तेवीस वेळा फोन केला मी, घेईचनात!"

"अहो, आपल्याच देशाला देता येत नाही मत!"

"मग काय शेजाऱ्यांना द्यायचं? जिन्यावरून पातेली गडगडावीत तसं गात होते ते!"

ब्रिकेना हसत सुटली. पलीकडून आजोबांनी घसा साफ केला.

"पोरी, एक सांग. सोतिर आणि वासिलिकाच्या मधे एवढं अंतर का होतं? असं उभं राहतात का कधी?"

कॅमेरावाल्यानंही सरावात तीनदा बजावलं होतं, जवळ या, मधे खिंडार दिसतंय. तीनही वेळा ते जवळ सरकले होते. पण खरं गाणं सुरू झालं आणि पाय आपोआप बाजूला झाले.

"तिथे तुम्ही उभे राहता ना," ती म्हणाली.

पलीकडे आजोबांनी कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"आणि सूर?" आजोबांनी विचारलं. "तुटला नाही ना?"

"नाही तुटला."

"हं," आजोबा म्हणाले. "इथेही नाही."